फटफटीचा चिमटा : एका उसनवारीचा इतिहास

उसना अंगरखा थोडा सैल झाला तरी वेळ निभावून जाते. उसन्या पायाचें तसें नाहीं. तो दुसऱ्या पायाच्या मापाचा असावा लागतो, शरीराचा भार त्याला पेलावा लागतो, आणि त्या शरीराला चालण्याची जी लय लागलेली असते तिच्याशींहि त्याचें जुळावें लागतें. मोटार-सायकलच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणारा जो दुहेरी चिमटा असतो त्याची योग्यता अशीच पायाची आहे. इंजिन बंद पडलें तर गाडी थांबते. चिमटा फसला तर स्वार पडतो. असें असूनहि रानावनांतून, चिखलांतून आणि खाचखळग्यांतून धांवणाऱ्या फटफट्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर एका गाडीचा चिमटा काढून तो दुसऱ्या, बहुधा अधिक जुन्या, गाडीला बसविण्याचा उद्योग त्यांत पदोपदीं आढळतो. हा उद्योग कारखानदारांनीं सांगितलेला नव्हता. पुष्कळदां तो त्यांना रुचतहि नसे. तरी तो चालू राहिला. तो कां निघाला, कसा वाढला आणि त्यांत धोका कोणता, हें पाहण्यासारखें आहे.

जर्मनींत गोटलीब डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं लांकडी सांगाड्याची जी पहिली पेट्रोल-दुचाकी उभी केली, तिचीं चाकें कोणत्याहि स्प्रिंगेवर तोललेलीं नव्हतीं. पुढें सायकलींचा सुकाळ झाला, तेव्हां सायकलीचाच सांगाडा आणि सायकलीचाच चिमटा घेऊन त्यांत लहानसें इंजिन अडकविण्याची रीत पडली. सायकलीचा चिमटा हा माणसाच्या पायांत जेवढें बळ आहे तेवढ्या वेगासाठीं घडलेला. इंजिनाचें बळ वाढूं लागलें तसे धक्के वाढले, स्वारांचीं मनगटें बधिर होऊं लागलीं, आणि चिमटे वांकूं व मोडूं लागले. म्हणजे पाहूं गेल्यास मोटार-सायकलचा जन्मच मुळीं उसन्या चिमट्यावर झाला, आणि उसना चिमटा नव्या बळाला पुरत नाहीं हा पहिला धडाहि तिला जन्माबरोबरच मिळाला.

या दुखण्यावरील पहिला खरा उपाय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत निघाला. इंग्लंडांतील ‘ड्रुइड’ नांवाच्या चिमट्यांत, व त्यांच्या मागून आलेल्या अनेक चिमट्यांत, दोन्ही बाजूंच्या दांड्यांची एक ताठ चौकट असे. आखूड आडव्या दुव्यांनीं ती गाडीच्या डोक्याशीं जोडलेली असे, आणि धक्का बसला कीं स्प्रिंगेवर जोर देत ती वर सरके. ह्या चौकटीच्या चिमट्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें राज्य केलें. परंतु त्यांची चाल, म्हणजे चाकाला वरखालीं होण्यास मिळणारी मोकळीक, दोन-तीन इंचांपलीकडे क्वचितच जाई. शिवाय दबलेली स्प्रिंग उसळून पुन्हां पुन्हां झुलूं नये म्हणून घर्षणाच्या चकत्या घालून त्या हातानें आवळाव्या लागत. सुकी चकती एका तऱ्हेनें वागे, भिजलेली दुसऱ्या. आणि खडबडीत वाटेला जी आवळ योग्य ती गुळगुळीत सडकेवर त्रासदायक होई.

दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणें एकींत एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा ही कल्पनाहि तशी जुनीच. आल्फ्रेड अँगस स्कॉट या इंग्रज यंत्रज्ञानें आपल्या १९०८ च्या गाडीला त्या जातीचा चिमटा दिला होता, आणि डेन्मार्कच्या निंबस गाडीनें १९३४ सालीं तो पत्करला. तथापि त्याला खरें तेज चढलें तें १९३५ सालीं, जेव्हां बीएमडब्ल्यू या जर्मन कारखान्यानें आपल्या ‘आर १२’ व ‘आर १७’ या गाड्यांवर नळ्यांच्या आंत तेल घातलेला चिमटा बाजारांत आणला. नळी दबली किंवा पसरली कीं आंतील तेलाला अरुंद छिद्रांतून वाट काढावी लागे. तेल सावकाश हलविलें तर सावकाश वाट देतें, जोरानें ढकललें तर तितक्याच जोरानें अडवितें. स्प्रिंगेची उसळी मारण्याचें काम चकत्यांच्या मानानें किती तरी अधिक समंजसपणें तेलानें केलें.

दुसऱ्या महायुद्धानें ह्या कल्पनेचा प्रसार केला. ब्रिटिश सैन्यासाठीं १९४१ पासून तयार होऊं लागलेल्या मॅचलेस ‘जी३/एल’ गाडीला ‘टेलिड्रॉलिक’ नांवाचा तेलाचा चिमटा होता. त्याच सैन्यांतील बीएसए ‘एम२०’ आणि नॉर्टन ‘१६एच’ या गाड्या मात्र जुन्या चौकटीच्या चिमट्यांवरच धांवत होत्या. दोन्ही जाती हांकलेल्या स्वाराला त्यांतील फरक समजण्यास पुस्तकाची गरज नव्हती. युद्ध संपल्यावर हजारों लष्करी गाड्या मोडींत निघाल्या, त्यांचे सुटे भाग स्वस्त झाले, आणि युद्धापूर्वींच्या गाडीच्या डोक्यांत तेलाचा चिमटा बसविण्याचा मोह अनेकांना आवरला नाहीं. नव्या गाड्या दुर्मिळ व महाग होत्या. हातांत हत्यार धरण्याची संवय युद्धानें लाविलेली होती. आणि लेथ चालविणारा ओळखीचा माणूस बहुतेक प्रत्येक गांवीं होता. ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या कीं उसनवारीला ऊत येतो.

ही उसनवारी सर्वांत अधिक फोंफावली ती रानांतील शर्यतींत. इंग्लंडांत सरे परगण्यांतील कँबर्ली येथें १९२४ सालीं झालेली शर्यत या खेळाचा आरंभ म्हणून सांगितली जाते. टेकड्या, ओहोळ व माळरान यांवरून जो लवकर पार होईल तो जिंकला, एवढाच तिचा नियम. इंग्रज लोक तिला ‘स्क्रँबल’ म्हणत. युरोपच्या मुख्य भूमीवर ‘मोतोक्रॉस’ हें नांव रूढ झालें. १९५२ सालीं ५०० घनसेंटिमीटरच्या गाड्यांसाठीं युरोपीय अजिंक्यपद ठेवण्यांत आलें व १९५७ सालीं त्याचें जागतिक अजिंक्यपदांत रूपांतर झालें. तें पहिलें जागतिक पद स्वीडनच्या बिल निल्सन यानें मिळविलें, आणि तेंहि डांबरी शर्यतींसाठीं जन्मलेल्या एजेएस ‘७आर’ गाडीला रानाच्या कामासाठीं फेरफार करून. ज्या कामासाठीं यंत्र केलेलें नाहीं त्या कामाला तें लावावयाचें व जेथें कमी पडेल तेथें दुसरीकडून भर घालावयाची, ही त्या खेळाची प्रकृतीच होती.

ह्या प्रकृतीला एक नांव मिळालें तें इंग्लंडांतील हँपशर परगण्यांत, न्यू मिल्टन या गांवीं. डेरेक व डॉन रिकमन हे दोघे भाऊ स्वतः नामांकित स्वार. कोणत्याहि एका कारखान्याची गाडी त्यांच्या मनासारखी नव्हती. एकीचा सांगाडा चांगला, दुसरीचें इंजिन हलकें, तिसरीचा चिमटा भरंवशाचा. १९५९ च्या सुमारास त्यांनीं बीएसएचा सांगाडा, ट्रायंफचें इंजिन आणि नॉर्टनचा ‘रोडहोल्डर’ चिमटा एकत्र करून एक गाडी जुळविली आणि तिला ‘मेटिस’ हें फ्रेंच नांव दिलें. ह्या शब्दाचा अर्थ संकरजात असा आहे. नांवांत थट्टा होती, पण गाडी थट्टेची नव्हती. ती जिंकूं लागली. मागणी वाढली तेव्हां रिकमन बंधूंनीं स्वतःचा निकेलचा मुलामा दिलेला सांगाडा बनविला आणि तो इंजिनावांचून विकावयास काढला. गिऱ्हाइकानें सांगाडा घ्यावा आणि इंजिन आपलें आपण मिळवावें, अशी व्यवस्था. कारखान्यांनीं एकेकट्यानें जें केलें नाहीं तें संकरानें साधलें, ही गोष्ट लपून राहिली नाहीं.

सरकत्या नळ्यांचा चिमटा हाच एक मार्ग होता असें मात्र समजूं नये. इंग्लंडच्याच ग्रीव्ह्‌ज गाड्यांना पुढें झुकलेल्या आखूड बाहूंवर चाक तोलणारा वेगळ्या जातीचा चिमटा असे, आणि त्याच गाडीवर डेव्ह बिकर्स यानें १९६० व १९६१ अशीं लागोपाठ दोन वर्षें २५० घनसेंटिमीटर गटाचें युरोपीय अजिंक्यपद मिळविलें. तरी अखेर बाजी मारली ती नळ्यांनींच. त्या करण्यास सोप्या, हलक्या, व त्यांची चाल वाढवावयाची तर लांबी वाढविली कीं बरेंच काम होई. इटलींतील चेरियानीचे चिमटे ह्या जातीचा आदर्श मानले जाऊं लागले. अमेरिकेंत वाळवंटांतून गाडी हांकण्याचा नाद असलेल्यांत स्टीव्ह मॅक्वीन हा प्रसिद्ध नट होता. ट्रायंफचें इंजिन बसविलेल्या त्याच्या मेटिस गाडीला चेरियानीचाच चिमटा होता. १९६६ सालीं स्वीडनचा विश्वविजेता टॉर्स्टन हालमन हुस्कवार्ना गाडी घेऊन अमेरिकेंत गेला आणि तेथील जड गाड्यांना त्यानें सहज मागें टाकलें. त्यानंतर युरोपी चिमट्यांची ओढ तिकडेहि वाढली. यामाहा या जपानी कारखान्यानें १९६८ सालीं ‘डीटी-१’ ही रानवाटेची गाडी काढली तेव्हां तिच्या चिमट्याची ठेवण चेरियानीच्याच वळणाची होती. लोक ज्या वस्तूची उसनवारी करीत होते ती वस्तु कारखान्यानें आपल्या घरीं घडविली. उसनवारीचा हा सर्वांत मोठा विजय म्हटला पाहिजे.

येथपर्यंत चिमटा बदलण्याचें कारण साधें होतें : जुना वाईट, नवा चांगला. १९७३ नंतर मात्र एक नवेंच कारण उत्पन्न झालें, आणि तें पुढून नव्हे तर मागून आलें. त्या काळच्या चांगल्या शर्यती गाडीला, उदाहरणार्थ होंडाच्या १९७३ च्या ‘एल्सिनोर’ला, पुढें सुमारें सात व मागें सुमारें चार इंच चाल असे. बेल्जियमच्या लुसियाँ टिल्केन्स या यंत्रज्ञानें मागील दोन धक्काशोषकांऐवजीं एकच लांब धक्काशोषक सांगाड्याच्या पोटांत आडवा घालण्याची युक्ति काढली. यामाहानें ती घेतली आणि १९७३ सालीं हाकन आंदर्सन यानें त्या गाडीवर २५० घनसेंटिमीटरचें जागतिक पद जिंकलें. पश्चिम जर्मनीच्या मायको कारखान्यानें मागचे दोन धक्काशोषक पुढें सरकवून तिरपे केले व तोच परिणाम निराळ्या रीतीनें साधला. दोन-तीन वर्षांत मागील चाकाची चाल दुपटीवर गेली.

याचा परिणाम असा झाला कीं कालची उत्तम गाडी आज म्हातारी ठरूं लागली. मागची बाजू उंच व मऊ झाली, पुढची मात्र आंखूड व कडक राहिली. खड्डा आला कीं मागचें चाक तो गिळून टाकी आणि पुढचें स्वाराच्या मनगटांत पोंचवी. मागचा भाग बदलणें मालकाला घरच्या घरीं जमे. धक्काशोषकांचे टेंकू कापून पुढें डांकावयाचे एवढेंच तें काम. पुढें मात्र नवा, लांब चिमटाच हवा होता. मग कोणी त्याच कारखान्याच्या पुढील वर्षाच्या गाडीचा चिमटा आणी, कोणी अपघातांत निकामी झालेल्या गाडीचा स्वस्तांत मिळवी. मायकोचे चिमटे या कामीं विशेष नांवाजलेले होते. जपानी इंजिन व जर्मन चिमटा ही जोडी त्या काळच्या शर्यतींच्या मैदानावर नवलाची राहिली नव्हती. १९८० च्या आसपास पुढची चाल बारा इंचांवर पोंचली, आणि सुमारें पस्तीस मिलिमीटर जाडीच्या नळ्यांच्या जागीं त्रेचाळीस मिलिमीटरच्या नळ्या आल्या.

नळीची जाडी हा वरवर क्षुल्लक दिसणारा आंकडा आहे. पण त्यांतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास वाढविला, तर तिचा वांकण्यास होणारा विरोध सुमारें व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. पस्तीसाचे त्रेचाळीस झाले म्हणजे व्यास पाव पटीहूनहि कमीच वाढला. विरोध मात्र १.८५ पट झाला. बारीक नळीचा चिमटा खड्ड्यांत वांकतो, वांकला कीं आंतील नळी बाहेरच्या नळीला घांसते, घांसली कीं सरकत नाहीं. आणि मग स्प्रिंग कितीहि मऊ असली तरी धक्का सरळ हातांत येतो. जुन्या गाडीला जाड नळ्यांचा चिमटा लावणाऱ्याला ‘गाडी सरळ जाऊं लागली’ असा जो अनुभव येई त्याचें कारण हें.

आतां ह्या कामांतील अडचणींकडे वळूं. पहिली अडचण जुळणीची. चिमट्याच्या दोन्ही नळ्या वर व खालीं दोन आडव्या पट्ट्यांत आवळलेल्या असतात. खालच्या पट्टीला एक उभा दांडा असतो आणि तो सांगाड्याच्या डोक्यांतील नळींत छऱ्यांवर किंवा रुळांवर फिरतो. छऱ्यांच्या ह्या जोडणीला आपल्याकडील कारागीर ‘कोनसेट’ म्हणतात. परक्या गाडीचा दांडा बहुधा लांबीला चुकतो, नाहीं तर जाडीला. अशा वेळीं जुन्या पट्टींतील दांडा दाबयंत्रानें काढून नव्या पट्टींत ठोकून बसवितात, किंवा लेथवर नवा दांडा कातून घेतात, किंवा आंतून एका मापाचीं व बाहेरून दुसऱ्या मापाचीं अशीं बेअरिंगें शोधून मेळ घालतात. एकाच कारखान्याच्या दोन गाड्यांत हा मेळ पुष्कळदां आपोआप बसतो. म्हणूनच होंडाच्या लांब पल्ल्याच्या ‘एक्सआर’ गाड्यांना त्याच घराण्यांतील शर्यतीच्या ‘सीआर’ गाड्यांचे चिमटे लावण्याचा प्रघात पडला. ह्या कामांत कसूर झाली, दांडा पट्टींत सैल राहिला, तर पुढील सर्व श्रम व्यर्थच नव्हेत तर घातक होत.

दुसरी अडचण उंचीची, आणि फसगत येथेंच अधिक होते. चिमटा एक इंच लांब झाला कीं गाडीचें डोकें उचललें जातें, आणि दोन चाकांतील अंतर पंचावन्न इंचांच्या आसपास असेल तर सबंध गाडी सुमारें एक अंशानें मागें कलते. हँडलाच्या दांड्याची रेषा खालीं वाढवून जमिनीपर्यंत नेली, तर ती चाक जेथें जमिनीला टेंकतें त्याच्या पुढें पडते. ह्या दोन बिंदूंमधील अंतराला इंग्रजींत ‘ट्रेल’ म्हणतात. चहाच्या ढकलगाडीचें फिरतें चाक ज्या कारणानें ढकलणाऱ्याच्या दिशेमागून निमूट येतें, त्याच कारणानें हें अंतर गाडीचें चाक सरळ राखतें. तें अधिक झालें तर गाडी वेगांत स्थिर राहते, पण अरुंद वाटेवर वळावयास कुरकुरते. कमी झालें तर चटकन् वळते, पण वेगांत हँडल हातांत थरथरूं लागतें. एकवीस इंची चाकाच्या सामान्य गाडींत एका अंशाच्या फरकानें हें अंतर सुमारें सात मिलिमीटर वाढतें. त्यांतच नव्या पट्ट्यांनीं नळ्या दांड्यापासून पूर्वीपेक्षां दहा मिलिमीटर कमी पुढें धरल्या असतील, तर आणखी सुमारें अकरा मिलिमीटरची भर पडते. डोळ्यांना न दिसणारे हे दोन फरक मिळून गाडीचा स्वभाव पालटून टाकतात. नळ्या पट्ट्यांतून थोड्या वर सरकवून उंची उतरवितां येते. परंतु तेव्हां हें पाहावें लागतें कीं चिमटा पूर्ण दबला असतां टायर खालच्या पट्टीला अगर चिखलपट्टीला लागत नाहीं ना. चालत्या गाडीचें चाक असें एकदां अडकलें कीं स्वाराला दुसरी संधि मिळत नाहीं.

तिसरी अडचण स्प्रिंगेची व तेलाची. शर्यतीची दोनशेंपन्नासची गाडी शंभर किलोंच्या आंत असते. ‘एक्सआर ६००’ सारखी लांब पल्ल्याची गाडी सुमारें एकशें वीस किलोंची. शिवाय एकीचा स्वार उड्या मारण्यास निघालेला असतो, दुसरीचा दिवसभर दगडगोट्यांतून चालण्यास. एकीची स्प्रिंग दुसरीला जशीच्या तशी मानवणें कठीण. बसल्यावर गाडी किती खालीं बसते हें मोजून स्प्रिंग निवडावी लागते. तेलाची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. जुन्या चिमट्यांत तेल ठराविक छिद्रांतून जाई, आणि अशा छिद्राचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून सावकाश लाटांवर तो चिमटा लुळा पडे आणि एकाएकीं आलेल्या दगडावर लांकडासारखा ताठ होई. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत पातळ पोलादी चकत्यांची झडप असलेले चिमटे प्रचारांत आले. ह्या चकत्या तेलाच्या जोरानें वांकून वाट मोठी करतात व तीव्र धक्का मऊ करतात. जुन्या गाडीच्या मालकाला नवा चिमटा जो स्वर्गासारखा वाटतो तो लांबीमुळें किंवा नळ्यांच्या दिमाखामुळें नव्हे, तर ह्या अदृश्य चकत्यांमुळें. पुढें जुन्याच चिमट्याच्या नळींत टाकण्याजोगी तशी लहान झडप विकत मिळूं लागली, आणि पुष्कळांना सबंध चिमटा बदलण्याची गरजच उरली नाहीं.

चौथी अडचण सर्वांत कमी बोलली जाते; ती सांगाड्याची. बारीक नळ्यांचा चिमटा स्वतः वांकून धक्क्याचा कांहीं भाग पचवी. जाड नळ्यांचा ताठ चिमटा तो भाग सांगाड्याच्या डोक्याकडे पाठवितो, आणि लांबीमुळें त्याची तरफहि मोठी झालेली असते. १९८२ पासून रानवाटेच्या शर्यती गाड्यांना पुढें चकतीचे ब्रेक येऊं लागले, व त्या मोहानेंहि अनेकांनीं चिमटा, चाक आणि ब्रेक असा सबंध संच उचलून जुन्या गाडीला लावला. कारण परक्या चिमट्यांत जुनें चाक बसतेंच असें नाहीं. पडघमीच्या आकाराच्या जुन्या ब्रेकाचा जोर गृहीत धरून डांकलेल्या सांध्यांवर ह्या नव्या ब्रेकाचा जोर पडला. १९८९-९० च्या सुमारास तर जाड नळी वर व बारीक नळी खालीं असे उलटे चिमटे जपानी शर्यती गाड्यांवर सर्रास आले. ते आणखी ताठ. जुन्या सांगाड्याच्या डोक्याभोंवतालच्या डांकांना बारीक तडे जाणें ही याची पहिली खूण होय. पाय बळकट केला, पण कमरेचें काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय पाय बदलूं नये.

ह्या सर्व अडचणींतून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्राचा भाग एकटा कधींच येत नाहीं. तो ज्या गाडीसाठीं घडला तिचें वजन, तिचा वेग, तिच्या स्वाराची कल्पना हें सारें आपल्याबरोबर घेऊन येतो. रिकमन बंधूंची गाडी यशस्वी झाली ती त्यांनीं उत्तम भाग गोळा केले म्हणून नव्हे. त्या भागांचें एकमेकांशीं पटावें म्हणून त्यांनीं शेवटीं सांगाडाच नवा केला म्हणून. जे केवळ भाग गोळा करून थांबले त्यांच्या गाड्या दिसण्यांत भारदस्त व चालण्यांत बिघडलेल्या निघाल्या.

उसनवारीला मर्यादा असावी कीं नाहीं, हा वाद म्हणूनच यंत्रापुरता राहिला नाहीं. अमेरिकेंत जुन्या गाड्यांच्या शर्यती भरविणाऱ्या ‘अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटारसायकल असोसिएशन’ या संस्थेनें सर्वांत जुन्या मोतोक्रॉस गटांसाठीं पुढें सात व मागें चार इंच एवढीच चाल मान्य केली. १९७३ पूर्वींच्या गाडीला १९८० चा चिमटा लावून धांवणें म्हणजे जुन्या गाडीची शर्यत नव्हे, हा त्यामागील विचार. इतिहास जपावयाचा तर त्याच्या उणीवांसकट जपला पाहिजे, असें त्या नियमाचें म्हणणें. त्याच्या उलट, ज्याला जुनी गाडी शर्यतीसाठीं नव्हे तर रोजच्या डोंगरवाटेसाठीं हवी आहे, त्याला त्या उणीवा जपण्यांत स्वारस्य नसतें. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं खरें आहे.

भारतांत ह्या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे. येथें मद्रासला १९५५ पासून जुळविली जाऊं लागलेली रॉयल एनफील्ड ‘बुलेट’ सरकत्या नळ्यांचा चिमटा घेऊनच आली, आणि पुढील अनेक दशकें त्याच जातीच्या चिमट्यांवर देश चालला. पुण्याजवळ चाकण येथें तयार होणारी केटीएम ‘२०० ड्यूक’ १९१२ नव्हे, तर थेट २०१२ सालीं त्रेचाळीस मिलिमीटरचा उलटा चिमटा घेऊन येथील सामान्य गिऱ्हाइकापुढें आली. म्हणजे युरोप-जपानच्या शर्यतींत रुळलेली वस्तु येथील दुकानांत पोंचण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. तशा चिमट्यांकडे पाहून जुन्या हलक्या गाड्यांच्या तरुण मालकांना तोच जुना मोह झाला. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील तपशिलाला बाधा येईल असे फेरफार करण्यास आडकाठी करतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडकपणें लाविला : कारखान्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाशीं विसंगत असा बदल सार्वजनिक रस्त्यावरील वाहनांत करतां येणार नाहीं. खासगी मैदानावरील शर्यत निराळी. रस्त्यावर मात्र चाकाखालीं केवळ मालकाचाच जीव नसतो, शेजारून जाणाऱ्याचाहि असतो.

तरीहि ह्या उद्योगाला निव्वळ उच्छृंखलपणा म्हणून मोडींत काढतां येत नाहीं. सायकलीच्या उसन्या चिमट्यावर जन्मलेलें वाहन लष्करी मोडींतील चिमट्यानें सुधारलें, रिकमनांच्या संकरानें जिंकूं लागलें, आणि चेरियानीच्या अनुकरणानें जगभर पसरलें. प्रत्येक टप्प्याला कारखान्याच्या आधीं कोणी तरी आपल्या गाडीचें दुखणें ओळखून, माप घेऊन, लेथवाल्याच्या दारांत उभा राहिला होता. ज्यांनीं माप नीट घेतलें त्यांच्या युक्त्या पुढील वर्षीं कारखान्यांतून विकत मिळूं लागल्या. ज्यांनीं घेतलें नाहीं त्यांनीं वांकलेल्या नळ्या व तडकलेले सांगाडे मागें ठेवले. उसना पाय लावावयाचा तर आधीं स्वतःच्या शरीराचें माप ठाऊक पाहिजे, एवढेंच ह्या शंभर वर्षांचें सांगणें आहे.